मन्नूबियाचं नख

करकेना बेटांवरच्या अल-अताया गावात एके काळी दोन गोष्टींचं फार कौतुक होतं. एक तिथला वाळवलेला ऑक्टोपस, आणि दुसरं मन्नूबिया सुइणीच्या उजव्या करंगळीचं नख. ऑक्टोपसचं कौतुक समुद्रापलीकडे स्फाक्सच्या बाजारात व्हायचं. नखाचं बेटावरच, बायकांच्या खोल्यांत. बोटापुढे चांगलं पेरभर वाढवलेलं, फुटक्या काचेवर घासून धार लावलेलं ते नख मन्नूबिया जिवापाड जपायची. कणीक मळताना करंगळी वर. भांडी घासताना करंगळी वर. कुणाशी भांडतानाही करंगळी वर, त्यामुळे निम्मं भांडण तिने आधीच जिंकलेलं असायचं.

त्या नखाला काम एकच. बाईला कळा सुरू झाल्या, की मन्नूबिया हात धुवायची, बिस्मिल्ला म्हणायची आणि करंगळीने पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडायची. भस्सकन पाणी जायचं, कळा दुप्पट जोर धरायच्या, बाई किंचाळायची, आणि बाहेर ओट्यावर बसलेले पुरुष एकमेकांना म्हणायचे, "चला, लागली वाटेला!" चहा उकळून कडू व्हायच्या आत मूल रडलं पाहिजे, अशी गावाची अपेक्षा. हाताला यश आहे बाईच्या, असं लोक म्हणायचे. घाईलाच यश म्हणणारं गाव ते, काय बोलणार?

आणि गंमत अशी, की याच पाणमोटीला बाहेर आल्यावर केवढा मान! वार पडली की तिच्याबरोबर ती फाटकी पिशवीही यायची. मन्नूबिया त्यातला एक पातळ तुकडा कापून धुवायची, सावलीत वाळवायची आणि चामड्याच्या इवल्याशा पाकिटात शिवून द्यायची. ते पाकीट ज्याच्या गळ्यात, तो समुद्रात बुडत नाही. पोटातल्या पाण्यात तिने जीव सांभाळला, मग बाहेरच्या पाण्यातही सांभाळेल, असा हिशेब. म्हणजे लेकरू आत असताना तिला फोडायची उतावळी, आणि फुटल्यावर तिचंच चिरगूट छातीशी धरून बापे समुद्रावर! त्यातून करकेना बेटांभोवतीचा समुद्र असा, की मैलभर चालत गेलात तरी पाणी कंबरेच्या वर येत नाही. तिथे बुडायचं तर माणसाला मुद्दाम आडवं व्हावं लागेल.

मन्नूबियाचा नवरा बेलगासेम याच्या गळ्यात तर तिने निवडून काढलेला सगळ्यात चांगला तुकडा होता. तो मासे अडवायच्या कुडासाठी झावळ्या तोडायला खजुरीवर चढला आणि वरून पडून मेला. मयतीला आलेल्या झाडून सगळ्यांनी मान डोलावली: काही म्हणा, पाण्याने नाही मेला. त्या महिन्यात ताइतांची मागणी वाढली.

आता दावियाची गोष्ट. ती सांगायला मन्नूबियाला सत्तावीस वर्षं लागली, मी दोन ओळींत सांगतो.

दाविया तिच्या शेजारची, जवळजवळ तिच्याच वयाची, पहिल्यांदा बाळंत होत होती. पोरगी भित्री, वेदनेने बेजार, सासू डोक्यावर उभी. मन्नूबियाने पोट चाचपलं तेव्हा बाळाचं डोकं अजून वर तरंगत होतं. बोटाने ढकललं की बाजूला सरकत होतं. सासू म्हणाली, "वाट कुणाची बघतेस?" मन्नूबियाने नख चालवलं. पाण्याचा लोंढा आला आणि लोंढ्याबरोबर आधी नाळ खाली आली. मग डोकं आलं आणि त्या नाळेवर बसलं. मुलगी झाली, निळी पडलेली, गोजिरवाणी, आणि मेलेली.

तिथल्या रीतीप्रमाणे घरात बाई अडली की सगळं उघडायचं असतं. दारं, खिडक्या, पेट्या, झाकणं, गाठी, बायकांच्या वेण्या, पुरुषांचे कमरपट्टे. काही बंद राहिलं की बाळाची वाटही बंद. मूल दगावल्यावर सासूने सगळं घर पालथं घातलं, तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीत ऑलिव्हच्या तेलाचा एक बुधला सापडला. बूच घट्ट बसवलेलं. बसवलं होतं दावियानेच, आदल्या दिवशी. झालं! गावाला कारण मिळालं. सगळ्यांनी बुधल्याकडे बघितलं आणि मन्नूबियाकडे कुणीच नाही. तिने तोंड उघडलं नाही. गुन्हा तिचा आणि फाशी बुधल्याला. दावियाने त्या बुधल्यात पुन्हा कधी तेल भरलं नाही. उघड्या तोंडाचा, रिकामा, तो कोपऱ्यात तसाच उभा राहिला, आणि घरात कुणी झाकण लावताना दिसलं की दाविया चवताळायची.

मन्नूबियाने मात्र नख काही लगेच कापलं नाही. गोष्टींत तसं कापतात. तिने त्याला आणखी वीस वर्षं धार लावली, कारण गाव म्हणत होतं की बुधला, आणि गाव म्हणतं ते मानून घ्यायला किती सोपं असतं!

मग सरकारला सुइणींची आठवण झाली. स्फाक्सला दहा दिवसांचं शिक्षण, जेवण फुकट, शेवटी एक कागद आणि ॲल्युमिनियमची पेटी. मन्नूबिया गेली ती जेवणासाठी, हे ती स्वतःच सांगायची. चौथ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. दोन्हींत एकेक अंडं. एक बरणी पाण्याने काठोकाठ भरलेली, दुसरी कोरडी. "मावशी, तुम्ही हलवा," त्या मन्नूबियालाच म्हणाल्या. तिने कोरडी बरणी हलवली, अंडं फुटलं. पाण्याची हलवली, अंडं आत हिंदकळलं, पण तडासुद्धा गेला नाही.

"हे बाळ, हे पाणी," बाई म्हणाल्या. "आई पडली, आपटली, तरी धक्का पाणी सोसतं. बाळाला हातपाय हलवायला, वळायला जागा मिळते. ऊब राहते. पिशवी शाबूत आहे तोवर बाहेरची घाण सहसा आत जात नाही. आणि नाळ पाण्यात मोकळी राहते, दबत नाही. तेव्हा पिशवीला हात लावायचा नाही. ती आपल्या वेळेला फुटते."

"आणि डोकं वर तरंगत असताना फोडली तर?" मन्नूबियाने विचारलं.

बाईंनी सांगितलं. नीट, सावकाश, फळ्यावर चित्र काढून. बाकीच्या सुइणी जांभया देत होत्या. मन्नूबियाला त्या चित्रात दावियाची मुलगी दिसली आणि तिला भडभडून आलं. रात्रीचं फुकटचं जेवण तिने ताटातच टाकलं.

परतीच्या बोटीत तिने पेटीतली सरकारी कात्री काढली आणि नख कापून समुद्रात टाकलं. गावात बोंब झाली, की स्फाक्सला मन्नूबियाचं नख जप्त केलं! तेव्हापासून ती बाळंतिणीशेजारी नुसती बसायची. पोट चाचपायची, पाठ चोळायची, बडीशेपेचं पाणी पाजायची आणि बसायची. तिचं नावच पडलं, बसकी मन्नूबिया. "तिला बोलावलंत? मग सातू पेरून घ्या, कापणीपर्यंत होईल पोरगं!" असं म्हणत बायका खिदळायच्या. तिच्या हातून दगावणारी मुलं कमी झाली होती, पण न मेलेली मुलं कोण मोजतं?

तर अशी ही बसकी मन्नूबिया हिवाळ्यातल्या एका सकाळी दावियाच्या दारात उभी राहिली. दावियाचा मुलगा हमीदा ऑक्टोपस धरायचा, आणि त्याची बायको सालहा हिला पहाटेपासून कळा येत होत्या. दिवस भरायला अजून महिना-सव्वा महिना होता. वारा असा सुटला होता, की स्फाक्सची बोट आदल्या दिवसापासून धक्क्याला बांधलेली. दवाखाना समुद्रापलीकडे, डॉक्टर समुद्रापलीकडे, आणि अलीकडे मन्नूबिया.

घरात शिरताच तिला कळलं की दावियाने सगळं उघडलंय. दारं भिंतीवर आपटत होती. पेट्यांची झाकणं वर, डब्यांची खाली. सालहाचे केस सोडलेले, दावियाचे स्वतःचे पांढरे केस वाऱ्यावर. कोंबड्यांचं खुराडंही उघडं, आणि एक कोंबडी बाळंतिणीच्या उशाशी येऊन बसलेली.

"कोंबडीला तरी बाहेर काढ," मन्नूबिया म्हणाली.

"तू तुझं काम बघ. तेवढी जलदी कर, म्हणजे झालं."

मन्नूबियाने पोटावर हात ठेवला. बाळ लहान, पाणी भरपूर, आणि डोकं वर. बोटाने ढकललं की बाजूला सरकत होतं. तिच्या हाताला ते सत्तावीस वर्षांनी ओळखीचं वाटलं.

"मावशी, वाचेल ना?" सालहाने तिचा हात घट्ट धरला. पोरगी एकोणीस वर्षांची, ओठ चावून चावून रक्त काढलेलं.

"पाणी आहे तोवर ते मजेत आहे. तू डाव्या कुशीवर हो. जोर करू नकोस, मी सांगेन तेव्हा कर."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दावियाचा म्हातारा दीर जिलानी याला दावियाने बजावलं होतं, की काही म्हणून बांधलेलं राहू देऊ नका. जिलानी सांगकाम्या. त्याने आधी गाढव सोडलं, मग वाळत घातलेल्या ऑक्टोपसची दोरी सोडली, आणि मग धक्क्यावर जाऊन हमीदाची नावही सोडली. आता वाऱ्याबरोबर नाव चालली होती इटलीला, आणि हमीदा गळ्यात ताईत घालून, कंबरभर पाण्यातून, तिच्या मागे शिव्या देत चालला होता. त्याच्या मागे अर्धं गाव. बापाची लुडबुड तरी टळली, असं म्हणून मन्नूबियाने अल्लाचे आभार मानले. पण दाविया कुठे टळणार होती?

दुपारची अजान झाली. कळा जवळ जवळ आल्या. पाणमोट खाली उतरून ताणली होती, मन्नूबियाच्या बोटांना लागत होती. डोकं अजून पुरतं बसलं नव्हतं. दाविया दारापासून कॉटपर्यंत, कॉटपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"फोड," ती म्हणाली.

"नाही."

"अगं, सगळं उघडलं! घरातलं एकूण एक उघडलं, मी दोनदा बघितलं. एवढी एकच गोष्ट बंद आहे, आणि तू तिच्यावर राखण बसलीयेस?"

"हो. बसकी म्हणता ना मला? बसलेय."

"माझ्या वेळेला बरी चटदिशी फोडलीस! तेव्हा हात चालत होता. आता स्फाक्सहून कागद आणलास, तर हाताला मुंग्या आल्या?"

दावियाने ती सरकारी पेटी ओढली, कात्री उचलली. "तू नाही तर मी फोडते. माझी त्या बुधल्यापायी गेली. हे मी जाऊ द्यायची नाही. मी एकदा चुकले, मन्नूबिया, एकदा चुकले!"

आता गप्प राहिलं तर काय होईल, ते मन्नूबियाला दिसत होतं. बोललं तर काय होईल, तेही. या गावात तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"बुधल्याने नाही गेली ती," ती म्हणाली. "मी घालवली."

दाविया थांबली.

"डोकं असंच वर होतं. मी फोडली, पाण्याबरोबर नाळ आली, आणि डोकं नाळेवर बसलं. तिला घुसमटून मारलं ते माझ्या नखाने. बूच लावलं होतंस की काढलं होतंस, त्याने काही झालं नसतं गं. मला वाटलं होतं तेव्हाच. स्फाक्सला नक्की कळलं. त्यालाही सात वर्षं झाली, आणि तरी मी तुला सांगितलं नाही." तिने हात पुढे केला. "आता ती कात्री दे, नाहीतर माझ्या छातीत खुपस. पण तिच्या जवळ आणू नकोस."

सालहा कळ विसरून दोघींकडे बघत राहिली. वाऱ्याने दार आपटलं. दावियाने कात्री दिली नाही, खुपसलीही नाही. तिच्या हातातून ती नुसती खाली पडली. मग ती सालहाच्या पायांशी खाली बसली आणि कोऱ्या आवाजात म्हणाली, "मी काय धरू?"

"गुडघा धर. हा. आणि बस."

दोघी बसल्या. बसणं हे किती अवघड काम आहे ते दावियाला त्या दुपारी कळलं असावं, कारण तिच्या कपाळावरून सालहापेक्षा जास्त घाम गळत होता. हळूहळू डोकं खाली आलं, रुतलं, बोटाने हलेनासं झालं. मन्नूबियाने इतक्या वेळात पहिल्यांदा श्वास सोडला. "आता जोर कर, बाळ. आता कर!"

आणि पाणमोट फुटलीच नाही. आख्खीच्या आख्खी बाहेर आली, तिच्यात पाणी, आणि पाण्यात डोळे मिटलेली, मुठी वळलेली एवढीशी पोर. बाहेर काय गोंधळ चाललाय याची तिला गंधवार्ता नव्हती. मन्नूबियाने एवढ्या बाळंतपणांत असं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं, वीस-पंचवीस वर्षं ते नख मध्ये यायचं ना! तिने पिशवी चिमटीत धरायला बघितली, पण ती बुळबुळीत, बोटांतून निसटत होती. जन्मात पहिल्यांदा नख खरोखर हवं होतं, आणि नेमकं नव्हतं.

"दाविया! तोंडापाशी धर. दोन्ही हातांनी. आता उघड."

"मी?"

"तूच. लवकर!"

दावियाने दोन्ही चिमटींत ती धरली आणि फाडली. पाणी तिच्या मांडीवर सांडलं. मन्नूबियाने पोरीचं तोंड पुसलं, पाठ चोळली, एकदा, दोनदा, आणि पोर मांजरीच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडली. घरातली सगळी दारं उघडी असल्यामुळे ते रडणं धक्क्यापर्यंत ऐकू गेलं, असं जिलानी पुढे शपथेवर सांगायचा.

पोरीला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वर लोकरीची दोन कांबळी घातली. वारा पडला की पहिल्या बोटीने दोघींना स्फाक्सला न्यायचं, हे मन्नूबियाने बजावून सांगितलं. या वेळी कुणी वाद घातला नाही.

संध्याकाळच्या आत हमीदा नाव ओढत परतला, लाटांनी छातीपर्यंत भिजलेला, थंडीने दात वाजत. आख्खी पाणमोट आली हे कळल्यावर त्याच्या मागोमाग दहा-बारा बापे अंगणात जमले. लेक कशी आहे हे विचारणारा त्यांत एकटा हमीदा. बाकीच्यांनी विचारलं, आख्खीचे किती ताईत होतील?

"मला एक ठेव हं, वहिनी," जिलानी म्हणाला.

"तुम्हाला ताईत कशाला? तुम्ही काय पाण्यात उतरला होतात? आधी ते गाढव शोधून आणा!" दावियाने सगळ्यांना हाकललं. मग ती घरात फिरली आणि एकेक झाकण लावू लागली. पेट्या, डबे, खुराडं. कोपऱ्यातल्या खोलीत मात्र ती बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तो जुना बुधला तिच्या कडेवर होता, धुतलेला, तेलाने भरलेला. तिने तो मन्नूबियासमोर ठेवला आणि तळहाताने ठोकून बूच घट्ट बसवलं.

मन्नूबियाने आपली पेटी आवरली आणि ती उठू लागली.

"कुठे निघालीस?" दाविया म्हणाली.

"घरी. आता मला इथे..."

"बस खाली." दाविया कडाडली. "सत्तावीस वर्षं मी या मुक्या मडक्याला शिव्या दिल्या. स्वतःला दिल्या. सासूने दिल्या त्या पोटात घातल्या. त्या सगळ्या तुझ्या होत्या, कळलं? आता एकेक करून तुला देणार आहे. एवढी बसकी आहेस ना, मग बस!"

मन्नूबिया बसली. दाविया ढसाढसा रडत बोलत सुटली, आणि काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मन्नूबियाने एकही शब्द अडवला नाही. कितीतरी वेळाने दम घ्यायला दाविया थांबली, चुलीकडे गेली आणि ऑक्टोपसच्या रश्श्यात भिजवलेल्या सातूच्या कण्यांच्या कुसकुसचं वाडगं तिने मन्नूबियाच्या पुढ्यात आदळलं.

"खा आधी. सकाळपासून उपाशी आहेस," ती नाक पुसत म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."